पेमेंट 'सक्सेसफुल' दिसलं, म्हणजे साडी पाठवायची का?

येवल्याच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणाल्यात. मजकूर थोडक्यात असा:

"सासऱ्यांची पैठणीची पेढी जुनी आहे, ऑनलाइन दुकान मी सुरू केलं. फेब्रुवारीत अमेरिकेतून एकाने चार पैठण्या मागवल्या, एक लाख शहाऐंशी हजारांच्या. त्याची पहिली दोन कार्डं चालली नाहीत, तिसऱ्याने पेमेंट झालं. घाई आहे म्हणाला म्हणून मी दुसऱ्याच दिवशी कुरिअर केलं. आठवड्याने पैसेही खात्यात आले. आता सात आठवड्यांनी गेटवेचा (वेबसाइटवरची पेमेंट घेऊन देणाऱ्या कंपनीचा) मेल आलाय की कार्डमालक म्हणतो, हा व्यवहार मी केलाच नाही. पैसे पुढच्या सेटलमेंटमधून वळते केलेत. बँकेनेच पेमेंट मंजूर केलं होतं ना? मग यात माझी काय चूक? पैसे परत मिळतील का? दीर म्हणतात, परदेशी कार्डं बंदच करून टाक. विणकरांचे पैसे अजून द्यायचेत, त्यांना काय सांगू? जानेवारीत एका रात्री नव्व्याण्णव रुपयांच्या साडी-कव्हरच्या पंचवीस-तीस ऑर्डरी फेल गेल्या होत्या. तेव्हा वाटलं वेबसाइट बिघडली. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?"

ताई, आधी तातडीचं. गेटवेच्या मेलमध्ये उत्तर द्यायची शेवटची तारीख असते, ती आत्ता बघा. बहुतेक वेळा हातात थोडेच दिवस असतात आणि तारीख उलटली की तुम्ही दावा मान्य केला असं धरून फाइल बंद होते. त्यानंतर कितीही कागद पाठवा, कुणी उघडून बघत नाही.

दुसरं, गेटवेच्या सपोर्टला एक ओळीचा मेल करा: 'या व्यवहाराचा ईसीआय कोड काय होता?' हा दोन आकडी कोड असतो. व्हिसाच्या कार्डाला ०५ किंवा मास्टरकार्डला ०२ असेल, तर पेमेंटच्या वेळी कार्डमालकाच्या बँकेने त्याची ओळख पटवून घेतली होती. अशा व्यवहारात 'मी नव्हतोच' या तक्रारीचा भुर्दंड नियमाने त्याच्या बँकेवर पडतो, दुकानदारावर नाही. व्हिसाला ०६ किंवा मास्टरकार्डला ०१ आला, तर तुमच्या बाजूने ओळख विचारली गेली होती, समोरून ती पूर्ण झाली नाही. तरीही बहुधा बाजू तुमचीच धरतात. पण व्हिसाला ०७ किंवा मास्टरकार्डला ०० आला, तर ओळख पटवण्याचा प्रकारच झालेला नाही. तुमच्या पत्रावरून मला तीच धास्ती वाटते. तसं असेल तर एक लाख शहाऐंशी हजार गेले असं धरून पुढचा हिशोब मांडा. खोटी आशा लावण्यात अर्थ नाही.

तरीही उत्तर द्याच. बिल, ऑर्डरची नोंद, ऑर्डर कुठल्या आयपी पत्त्यावरून आली ते, व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं बोलणं, कुरिअरची पोच, असं सगळं एकाच पीडीएफमध्ये, तारखांच्या क्रमाने. वर अर्ध्या पानाचं पत्र, इंग्रजीत, साध्या वाक्यांत. आपण किती कष्टाने धंदा उभा केला वगैरे त्यात लिहू नका, वाचणाऱ्याकडे दिवसाला अशा ढिगाने फायली असतात. कुरिअरच्या पोचेवर मात्र फार भिस्त ठेवू नका. पार्सल कुणीतरी घेतलं एवढंच ती सांगते. कार्ड कुणाचं होतं हा इथला वाद आहे आणि त्याचं उत्तर त्या सहीत नाही. मग पाठवायचं कशाला? कारण कधीकधी असं निघतं की घरातल्याच कुणीतरी खरेदी केलेली असते आणि कार्डमालकाला पत्ताच नसतो. तुमची चॅट त्याच्यापुढे गेली की तक्रार मागे घेतली जाते. पहिल्या फेरीत हरलात तर मात्र कार्ड कंपनीच्या लवादाच्या वाटेला जाऊ नका. तिथली फी डॉलरमध्ये असते आणि हरणाऱ्याच्या माथी बसते.

आता तुमचा मूळ प्रश्न, बँकेनेच मंजूर केलं ना? ज्यांचा माल गेलाय ते सगळे हेच विचारतात, आणि त्यात राग असतो. तो राग मला कळतो. बँकेत कार्डांच्या तक्रारींच्या टेबलावर माझी बरीच नोकरी झाली, तेव्हा फोनवरून तो ऐकलाय.

बँक मंजुरी देते म्हणजे फक्त एवढंच सांगते की हे कार्ड चालू आहे, चोरीला गेल्याची नोंद अजून झालेली नाही आणि एवढ्या रकमेची मर्यादा शिल्लक आहे. समोर बसून आकडे टाइप करणारा माणूस तोच आहे का, हे तिने बघितलेलंच नसतं. आपल्याला इथे ते लक्षात येत नाही, कारण आपल्याला ओटीपीची सवय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून भारतातल्या कार्डांना ऑनलाइन व्यवहारात ओळखीची एक जादा पायरी सक्तीची केली. तेव्हा व्यापाऱ्यांनी बरीच कुरकुर केली होती, गिऱ्हाईक मध्येच सोडून जातं म्हणून. त्या पायरीमुळेच पुण्या-नाशिकच्या गिऱ्हाइकाचं पेमेंट झालं की आपण बिनधास्त पार्सल बांधतो. पण परदेशी बँकेचं कार्ड तुमच्या दुकानात आलं की त्याला ही सक्ती लागू नाही. अमेरिकेत तर नुसता नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे यांवर सर्रास पेमेंट होतं. या तिन्ही गोष्टी चोरांच्या बाजारात विकत मिळतात. तुमच्या स्क्रीनवर 'सक्सेसफुल' हा शब्द दोन्ही वेळेला सारखाच हिरवा दिसतो. फसगत होते ती तिथे.

आणि पैसे खात्यात आले याचाही अर्थ ते तुमचे झाले असा नाही. व्हिसाच्या नियमांत अशा तक्रारीला साधारण १२० दिवसांची मुदत आहे. कार्डमालक स्टेटमेंट कधी बघेल, बघितल्यावर बँकेला कधी कळवेल, यात महिना-दोन महिने सहज जातात. तुमचे सात आठवडे म्हणजे अगदी नेहमीचा हिशोब.

चूक काय झाली, हे विचारलंत म्हणून सांगते. दोष लावायला नाही, पुढच्या वेळी नजर कुठे ठेवायची ते कळावं म्हणून. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि सोबत पाठवलेले चॅटचे फोटोही पाहिले. सगळं त्यात लिहिलेलं आहे.

दोन कार्डं चालली नाहीत, तिसरं चाललं. एखाद्याचं एक कार्ड अडकतं, मान्य. परदेशात बँका भारतातला व्यवहार बघून अडवतातही. पण गेटवेच्या डॅशबोर्डवर आत जाऊन बघा, तिन्ही कार्डांचे सुरुवातीचे आकडे आणि बँकांची नावं दिसतील. तीन वेगळ्या बँका, त्यातली एक वेगळ्याच देशातली आणि तीन वेगळी नावं असतील, तर तो माणूस पाकिटातून कार्ड काढत नव्हता, यादी पुढे ठेवून एकेक नंबर लावून बघत होता.

मग पत्ता. न्यू जर्सीच्या त्या पत्त्यात नावाच्या पुढे अक्षरं आणि आकडे जोडलेले आहेत, सूट नंबरही तसाच लांबलचक. असे पत्ते बहुतेक मालवाहतूक कंपन्यांच्या गोदामांचे असतात. तिथे माल उतरतो आणि तिसऱ्याच देशात निघून जातो. नकाशावर पत्ता टाकून रस्त्यावरचा फोटो बघितला असतात, तर घराऐवजी ट्रक लागलेली इमारत दिसली असती. कधी घराचाच पत्ता असतो, पण तिथे राहणारा बिचारा 'घरबसल्या पार्सल पुढे पाठवा, पैसे कमवा' अशा जाहिरातीला भुललेला असतो. त्यालाही आपण कुणाचा माल पुढे ढकलतोय हे माहीत नसतं.

पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. त्या संपूर्ण चॅटमध्ये त्या माणसाने पैठणीबद्दल एक प्रश्न विचारलेला नाही. एकही नाही! ताई, पन्नास हजारांच्या पैठणीचं गिऱ्हाईक कसं असतं ते तुम्हाला मी काय सांगायचं? हातमागाची आहे का सेमी, एकधोटी आहे का कडियाल, पदरावर बांगडी मोर आहे का असावली, काठ नारळी आहे का, जर कसली, फोटोतला जांभळा रंग प्रत्यक्षात वांगी दिसतो का, ब्लाउज पीस आहे ना, फॉल-पिको करून द्याल का. आणि हे सगळं झाल्यावर थोडं कमी करा ना. या गृहस्थांनी दुकानातला माल किमतीच्या क्रमाने लावला, वरच्या चार उचलल्या आणि विचारलं काय, तर 'आज निघेल का?' चारांतल्या दोन तर जवळजवळ एकाच रंगाच्या आहेत. आपल्याकडची कुठली बाई एकाच वेळी एका रंगाच्या दोन पैठण्या घेते?

हे कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला सांगणार नाही. शॉपिफाय घ्या नाहीतर वूकॉमर्स, ऑर्डरीवर जोखमीचा लाल-पिवळा शिक्का मारणारी सोय मिळते आणि ती चालू ठेवाच. पण आपल्या मालाचं गिऱ्हाईक कसं बोलतं हे तुम्हाला जितकं कळतं तितकं त्या यंत्राला कळत नाही.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. परदेशी कार्डाचं पेमेंट आणि कुरिअरवाला यांच्यामध्ये एक-दोन दिवसांची फट ठेवा, आणि पाठवायचं की नाही ते त्या फटीत तुम्ही ठरवा. बँकेचं हिरवं अक्षर ठरवणार नाही.

याची सोय गेटवेमध्ये असते. पेमेंट दोन टप्प्यांत होतं. आधी रक्कम कार्डावर अडवून ठेवली जाते, त्याला ऑथराइज म्हणतात. मग ती प्रत्यक्ष घेतली जाते, ते कॅप्चर. बहुतेक दुकानांत दोन्ही आपोआप एकापाठोपाठ होतात. सेटिंगमध्ये जाऊन परदेशी कार्डांपुरतं कॅप्चर हाताने करायचं ठेवा. जमत नसेल तर सपोर्टला सांगून करून घ्या. ऑर्डर खरी वाटली की बटण दाबा. नाही वाटली तर दाबू नका, रक्कम आपोआप सुटते आणि चार्जबॅकचा, म्हणजे कार्डमालकाच्या तक्रारीवरून पैसे परत ओढले जाण्याचा, प्रश्नच येत नाही. फक्त ती किती दिवस अडवून ठेवता येते ते आधी विचारून घ्या, नाहीतर खऱ्या गिऱ्हाइकाचे पैसे परत जातील आणि तुम्ही साडी बांधत बसाल.

त्याच मेलमध्ये गेटवेला विचारा की आमच्या खात्यावर परदेशी कार्डांना थ्रीडी सिक्युअर चालू आहे का. व्हिसा त्याला व्हिसा सिक्युअर म्हणते, मास्टरकार्ड आयडेंटिटी चेक. वर सांगितलेला ईसीआय कोड यातूनच येतो. ते चालू असेल तर कार्डमालकाची बँक त्याला अ‍ॅपवर किंवा मेसेजवर विचारते, आणि पुढे 'मी नव्हतोच' म्हणाला तर निस्तरायचं तिने. काही गिऱ्हाइकं त्या पायरीला कंटाळून जातील हे खरं. तुमच्या मालाची किंमत बघता ती गेलेली परवडतील. पाचशेच्या कुर्त्या विकत असतात तर कदाचित मी वेगळं सांगितलं असतं.

पत्ता जुळवून बघायची एक सोय असते, कार्डाच्या नोंदीतला पत्ता आणि गिऱ्हाइकाने दिलेला बिलिंगचा पत्ता एकच आहे का ते बघणारी. ती मुख्यतः अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनच्या कार्डांना चालते. गेटवे देत असेल तर घ्या. पण इथे एक गंमत आहे आणि ती परदेशी पुस्तकी सल्ल्यात सापडायची नाही. तिकडच्या सल्ल्यात लिहिलेलं असतं की बिलाचा पत्ता एक आणि पार्सलचा दुसरा असला की सावध व्हा. आपल्या धंद्यात उलटं आहे. सॅन होजेला राहणारी मुलगी आईच्या साठीला पैठणी घेते, कार्ड तिकडचं, पार्सल डोंबिवलीला. दिवाळीला, लग्नसराईत अशाच ऑर्डरी येतात, आणि पार्सल भारतात जात असेल तर त्या बऱ्याचदा खऱ्याच निघतात, कारण परदेशातून कार्ड चोरणाऱ्याला डोंबिवलीत साडी घेऊन काय करायचंय? तिथे आईचा फोन नंबर मागा आणि सरळ फोन लावा. 'तुमच्या लेकीने काहीतरी पाठवलंय, घरी कोण असेल?' एवढं विचारलं तरी पुरतं, सरप्राइजही फुटत नाही. तुमचा चोर मात्र उलट्या दिशेचा होता. कार्डही परदेशी, मालही परदेशी आणि मधे नातं कुठेच नाही.

परदेशात जाणाऱ्या मोठ्या ऑर्डरीला मी असा मेसेज करीन: 'नमस्कार, तुमची ऑर्डर मिळाली, आभार. पैठणी हातमागाची असल्याने पाठवण्याआधी आम्ही ती व्हिडिओ कॉलवर उलगडून दाखवतो, पदर आणि काठ तुम्ही नीट बघून घ्या. उद्या कोणती वेळ सोयीची?' यात संशयाचा एक शब्द नाही. खरं गिऱ्हाईक खूश होतं, शेजारणीलाही बोलावून बसवतं. चोर म्हणतो, 'मीटिंगमध्ये आहे, तुमच्यावर विश्वास आहे, फक्त ट्रॅकिंग नंबर पाठवा.' इतका विश्वास दिसला की कॅप्चरचं बटण दाबू नका. शहानिशा म्हणून कार्डाचे फोटो मात्र कुणाकडे मागू नका. मागचे तीन आकडे जपून ठेवायला तर कार्ड कंपन्यांच्या नियमात कुणालाच परवानगी नाही, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्याकडे दुकानदाराने पूर्ण कार्ड नंबरही साठवायचा नसतो. तुमच्या फोनच्या गॅलरीत वीस गिऱ्हाइकांची कार्डं पडली असतील तर उद्या फोन हरवल्यावर गुन्हेगार कोण ठरेल? याच कारणाने 'कार्डाचा नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर देतो, तुम्हीच टाका' म्हणणाऱ्यालाही नाही म्हणा. चॅटमध्ये त्याने तेही सुचवलं होतं, तुम्ही टाळलंत, ते छान केलंत.

आणखी दोन डाव, पटकन. माल निघाल्यावर 'पत्ता बदला' असा निरोप आला तर पार्सल परत मागवा, नव्या पत्त्यावर नवी ऑर्डर घ्या, जुनी रद्द करा. आणि कुणी म्हणालं की माझ्या कार्डावर चाळीस हजार जास्त लावा आणि ते माझ्या कुरिअर एजंटच्या खात्यात टाका, तर तो कुरिअर एजंट म्हणजे तोच. परतावा द्यायचाच झाला तर ज्या कार्डावरून पैसे आले त्याच कार्डावर, गेटवेमधून. दुसऱ्या खात्यावर, यूपीआयवर, रोखीत, कशातच नाही.

साडी-कव्हरच्या त्या रात्रीबद्दल तुमची शंका बरोबर आहे. वेबसाइट बिघडली नव्हती. कार्ड नंबराचा शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५०च्या दशकात ती रीत काढली, टाइप करताना आकडा चुकला तर लगेच कळावा म्हणून. चोर थांबवायला ती कधीच नव्हती. ते गणित कुणालाही येतं, म्हणून यंत्राने हजारो 'बरोबर' नंबर पाडता येतात. त्यातले जिवंत कोणते हे शोधायला लहान किमतीची वस्तू असलेलं एखादं बिनराखणीचं दुकान लागतं. तुमच्या नव्व्याण्णव रुपयांच्या कव्हरवर ती चाचणी चालली होती. फेल गेलेल्या ऑर्डरींत एखाद-दुसरी पास झालेली असेल, ती शोधा आणि तिचे पैसे आजच परत करा, तक्रार यायच्या आत. फेब्रुवारीचा माणूस आणि ती रात्र यांचा धागा सिद्ध करता येणार नाही, पण ज्या दुकानात अशी चाचणी बिनबोभाट पार पडते ते दुकान अशांच्या नजरेत राहतं हे नक्की. पेमेंटच्या पानावर 'मी रोबोट नाही'वाली खूण बसवा, एका आयपीवरून तासाला चार-पाचच प्रयत्न चालतील असं ठेवा आणि परदेशी कार्डांना कव्हर एकटं विकूच नका, साडीसोबतच द्या. गेटवेचे फेल झालेल्या पेमेंटचे मेलही वाचत जा. आपण सगळे ते कचऱ्यात टाकतो.

चोरी नसलेलाही एक चार्जबॅक असतो, आणि तुमच्या दुकानाला त्याचा धोका मला दिसतोय. तुमच्या दुकानाचं नाव एक आहे, पण गेटवेचं खातं सासऱ्यांच्या जुन्या पेढीच्या नावावर. गिऱ्हाइकाच्या कार्ड स्टेटमेंटवर पेढीचं नाव उमटतं. न्यू जर्सीतला नवरा महिन्याच्या शेवटी ते बघतो, बायकोने घेतलेली साडी त्याला आठवत नाही, ही कुठली पेढी म्हणून तो बँकेला फोन लावतो. झाला चार्जबॅक. स्टेटमेंटवर दिसणारं नाव गेटवेला सांगून बदलता येतं. ते होईपर्यंत ऑर्डरच्या मेलमध्ये आणि पार्सलमधल्या चिठ्ठीवर ठळक लिहा: तुमच्या कार्डावर आमचं नाव असं असं दिसेल.

दिरांचं म्हणणं मी पूर्ण उडवून लावत नाही. हाताने कॅप्चर आणि थ्रीडी सिक्युअर या दोन गोष्टी चालू होईपर्यंत परदेशी कार्डं बंद ठेवा, ती बंद-चालू करायची सोय असते. पण कायमची बंद करू नका. तुमच्या पत्रात तुम्हीच लिहिलंय की दिवाळीतली निम्मी विक्री बाहेरच्या मराठी माणसांची असते. त्यांना बँकेतून पैसे पाठवा म्हणालात तर एखादं ओळखीचं पाठवेल, बाकीची दुसरं दुकान बघतील. शिवाय इथल्या गिऱ्हाइकांतही फसवे आहेतच, त्यांची तऱ्हा वेगळी: यूपीआय केल्याचा बनावट स्क्रीनशॉट पाठवतात. स्क्रीनशॉट बघायचाच नाही, आपल्या खात्यात रक्कम आली का तेवढं बघायचं.

सायबर तक्रार करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर. १९३० हा नंबर आपल्याकडच्या खात्यातून पैसे नुकते गेले असतील तेव्हा फार उपयोगी, कारण पुढचं खातं गोठवता येतं. तुमच्या बाबतीत पैसे त्या मार्गाने गेलेलेच नाहीत, माल गेलाय. तरी तक्रारीची पोच गेटवेच्या फाइलला जोडायला हवी आणि सीएलाही दाखवायला हवी. सीएकडे लवकर जा. निर्यातीचं बिल झालं, माल देशाबाहेर गेला आणि पैसे आलेले परत गेले, याची जीएसटीत आणि निर्यातीच्या नोंदीत नीट मांडणी करावी लागते. ती राहून गेली तर वर्षभराने नोटीस येते आणि तेव्हा हे सगळं कुणाला आठवत नाही.

विणकरांना काय सांगू, असं विचारलंत. त्यांना ठरलेले पैसे द्या, ठरलेल्या तारखेला जमत नसेल तर दोन हप्त्यांत, पण पूर्ण. त्यांनी साडी विणून तुमच्या हातात दिली तेव्हाच त्यांचं काम संपलं. कुणाचं कार्ड स्वीकारायचं हे ठरवण्यात त्यांचा हात नव्हता. घडलं ते सांगा, लपवू नका, गावात तसंही कळतंच. आणि सासऱ्यांनाही सांगा. पत्रावरून वाटतं की ते अजून सांगितलेलं नाही. जुन्या पेढीत उधारी बुडालेली त्यांनी पाहिली असेल. तुम्हाला वाटतंय तितके ते चिडणार नाहीत.

ईसीआय कोडचं उत्तर आलं की मला त्याच पत्त्यावर कळवा, सोबत गेटवेचा मूळ मेलही जोडा. ०५ किंवा ०२ असेल तर उत्तराचं इंग्रजी पत्र मी लिहून देते, तुम्ही फक्त तारखा आणि ऑर्डर नंबर भरा.